पुतण्याला राइडवरून उतरवलं, आता घरात कोणी बोलत नाही

पत्र थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव-गाव काढून सांगते. एकत्र कुटुंब, घरात सासू-सासरे, या ताई आणि त्यांचे मिस्टर, धाकटे दीर आणि जाऊबाई, दोन्हीकडची मुलं. सुट्टीत सगळे मिळून एका मोठ्या अम्यूझमेंट पार्कला गेले होते. तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरला 140 सेंटिमीटर उंचीची अट होती. ताईंची मुलगी सातवीत, ती पट्टीच्या वर गेली. दिरांचा मुलगा पाचवीत, तो चार बोटं कमी पडला. एकदा परत पाठवल्यावर दिरांनी त्याला बाजूला नेऊन बुटात रुमालाच्या घड्या घातल्या, आणि दुसऱ्या वेळी गर्दीत ऑपरेटरने त्याला आत सोडलं. मुलगा सीटवर बसला, बार खाली आला, आणि ताईंना राहवलं नाही, त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं की याच्या बुटात कापड आहे. बूट काढून मोजलं, उतरवलं. सगळ्या रांगेसमोर पोरगं रडलं. ताईंची मुलगी मात्र त्याच फेरीत राइड करून आली.

तेव्हापासून दीर बोलत नाहीत. जाऊबाई म्हणतात, "स्वतःची बसवली आणि आमचा उतरवला." मिस्टर म्हणतात, असल्या पाट्या कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला लावतात, एवढं मनावर घ्यायचं नसतं. सासूबाई म्हणतात, माफी माग आणि विषय संपव. पत्राच्या शेवटी ताईंनी अजून एक गोष्ट लिहिलीय: त्याच दिवशी सासरे, ज्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, "हृदयविकार असलेल्यांनी बसू नये" ही पाटी वाचूनसुद्धा दुसऱ्या एका राइडवर बसले, आणि तेव्हा ताई काहीच बोलल्या नाहीत. आता गावची यात्रा जवळ आलीय. सासरे यात्रा कमिटीत आहेत. पाळणे येणार, आणि दिरांनी मुलाला शब्द दिलाय की "यात्रेत तुला सगळ्यात बसवतो, तिथे कोण अडवतंय बघू." ताई विचारतात, माझं चुकलं का, माफी मागू का, आणि यात्रेत पुन्हा तोंड उघडायचं की गप्प बसायचं?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यापायी तुमची झोप उडालीय असं पत्रावरून दिसतंय. त्याला उतरवलंत ते बरोबर केलंत. बार लॉक झाल्यावर गाडी सुटायला काही सेकंद असतात, तेवढ्यात दिरांना बाजूला घेऊन समजावणार कधी, ओरडण्यावाचून काही उरलंच नव्हतं. माफी मागायचीच तर पुतण्याची मागा, तीसुद्धा उतरवलं म्हणून नाही तर चारचौघांत त्याचं हसं झालं म्हणून. या सगळ्यात त्याने काहीच केलेलं नव्हतं. रुमाल बापाने घातला, ओरडलात तुम्ही, बूट काढले ऑपरेटरने, आणि रडायची वेळ मात्र त्याच्यावर आली. "तुझा राग आला म्हणून नाही रे, मला भीती वाटली म्हणून ओरडले, सगळ्यांसमोर झालं ते मला वाईट वाटतंय" एवढं त्याला एकट्याला जवळ घेऊन सांगा. दहा वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं.

आता त्या चार बोटांबद्दल, कारण तुमच्या घरातलं सगळं भांडण तिथे अडकलंय. पट्टी डोक्याजवळ असते म्हणून आपल्याला वाटतं की उंचीचाच प्रश्न आहे, आणि उंची म्हटलं की मुलांच्या बाबतीत ती मानाची गोष्ट होते, कोण मोठा झाला कोण नाही. पण त्या बारला हव्या असतात मांड्या आणि कंबर. रोलर कोस्टर चढावर पोचून खाली वळते ना, तेव्हा गाडी रुळाबरोबर खाली जाते पण आपलं अंग आधीच्याच वेगाने पुढे-वर जात राहतं, म्हणून आपण सीटवरून उचलले जातो, पोटात गोळा येतो तो त्याच वेळी. त्या क्षणी सीट तुम्हाला धरून नसते, फक्त तो बार धरून असतो. तो बार मांडीवर, कंबरेच्या हाडापाशी घट्ट बसला तर माणूस जागेवर राहतो. लहान मुलाची मांडी बारीक आणि आखूड, कंबर अरुंद, त्यामुळे बार शेवटपर्यंत खाली आला तरी फट राहू शकते आणि अंग त्या फटीतून सरकतं. आता रांगेतल्या प्रत्येकाची मांडी मोजत बसता येत नाही म्हणून उंची मोजतात, एवढ्या उंचीच्या माणसाचं बाकीचं शरीर साधारण एवढं असणार या हिशोबाने. बुटात रुमाल घातला की डोकं वर जातं, मांडी होती तेवढीच राहते. हे दिरांना कोणी कधी सांगितलंच नसेल, आपल्यापैकी बहुतेकांना सांगितलेलं नसतं, पाटीवर नुसता आकडा असतो आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं, आणि कारण माहीत नसलेला नियम माणसाला अपमानासारखा वाटतो. माझं तर पार्कवाल्यांना सांगणं आहे की त्या पट्टीशेजारी एक चित्र लावा, बार कुठे बसतो आणि मूल लहान असेल तर फट कुठे राहते ते दाखवणारं. अर्धी हुज्जत तिथेच कमी होईल.

आणि एक, "मी शेजारी बसलोय ना, मी धरतो त्याला" असं प्रत्येक बाप म्हणतो, मनापासून म्हणतो. पण जिथे दोघांना मिळून एकच बार असतो तिथे तो शेजारच्या मोठ्या माणसाच्या पोटाला लागून थांबतो, आणि मुलाच्या मांडीत नि बारमध्ये वीतभर जागा राहते. म्हणजे जाडजूड काका शेजारी बसला की मुलाचा धोका वाढतो. हाताने धरायचं म्हणाल तर जोराच्या वळणावर तीसेक किलोचं पोरगं तिप्पट वजनाने ओढलं जातं, 90 किलो, आणि तेही काहीच कळायच्या आत. तेवढं धरून ठेवणं कुठल्याच बापाला जमत नाही.

मिस्टरांचं म्हणणं पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात "स्वतःच्या जबाबदारीवर" वगैरे छापलेलं असतं ते वकिलासाठीच असतं. पण उंचीची, वजनाची, हात आत ठेवण्याची सूचना वेगळ्या जातीची आहे, ती राइड बनवणाऱ्याने दिलेल्या मापांतून येते. हात आत ठेवायला सांगतात कारण खांब, कमानी, बाजूचा रूळ यांच्यापासून किती अंतर ठेवायचं हे नीट बसलेल्या माणसाच्या हाताची पोच धरून ठरवलेलं असतं, मोबाईलची सेल्फी स्टिक धरून नाही. आणि ही मापं डावलली तर काय होतं याचं एक उदाहरण मिस्टरांना सांगा. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला 430 फुटी टॉवरवरून खाली सोडणाऱ्या राइडवर 14 वर्षांचा मुलगा सीटमधून निसटून पडला आणि गेला. राइडच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त वजन 287 पौंड, म्हणजे 130 किलो, आणि त्या मुलाचं वजन 172 किलोच्या आसपास. चौकशीत दिसलं की त्या सीटच्या सेन्सरची जुळणी हाताने बदलून ठेवलेली होती, त्यामुळे हार्नेस (खांद्यांवरून छातीवर येणारी अडकण) आणि सीटमध्ये नेहमीपेक्षा खूप जास्त फट असूनसुद्धा मशीनने सगळं ओके दाखवलं. तुमच्या पुतण्याच्या बुटातल्या रुमालाने ऑपरेटरच्या पट्टीचं हेच केलं, मोजमाप तेवढं फसलं, फट फसत नाही.

पण ताई, आता तुमच्याही एका समजुतीबद्दल बोलते. पत्रात तुम्ही लिहिलंय, "पाट्या पाळल्या असत्या तर काही धोकाच नव्हता." तसं नसतं. 2016 मध्ये अमेरिकेतच कॅन्सस सिटीत, तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात उंच वॉटर स्लाइडवर, दहा वर्षांचा मुलगा गेला, तुमच्या पुतण्याएवढाच. त्याने कुठलाही नियम मोडलेला नव्हता, तराफाच हवेत उडून वरच्या लोखंडी कमानीवर आदळला, स्लाइडच चुकीची बांधलेली होती. इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्सला 2015 च्या जूनमध्ये भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर जाऊन धडकली, दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले, आणि कारण काय तर कॉम्प्युटरने गाडी थांबवली होती ती माणसांनी बायपास करून सोडली, कंपनीला 50 लाख पौंड दंड झाला. आणि आपल्या शेजारी अहमदाबादला, कांकरियात, 14 जुलै 2019 ला रविवारच्या गर्दीत झोक्यासारखी हलणारी राइड तुटून माणसांसकट खाली आली, दोन जण गेले, कितीतरी जखमी झाले. तिथे बसलेल्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. नियम पाळणारा आणि मोडणारा अशी दोन गटांत घराची वाटणी झालीय ना, तुम्ही शहाण्या आणि दीर बेजबाबदार, त्या वाटणीमुळे पुढचं बोलणं अडतंय. मुलीला पट्टीवर उभं केलं, ती वर गेली, म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. तिचा बार नीट लॉक झाला का हे तुम्ही बघितलं होतं का, ते पत्रात कुठेच नाहीये. बघितलं असेल तर उत्तमच. नसेल तर पुढच्या वेळी बघा, बार खाली आल्यावर मुलांनी तो स्वतः एकदा वर ओढून बघायचा, हलला की हात वर करून ऑपरेटरला बोलवायचं, ही सवय दोन्ही मुलांना एकत्र लावता येईल. तेवढ्याने जाऊबाईंचं "तुमची-आमची" पण थोडं सैल होईल.

आता सासऱ्यांचं. ही गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी, दोन ओळींत, जाता जाता लिहिलीय, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. पुतण्यासाठी तुम्ही ओरडलात आणि सासऱ्यांसाठी तोंडातून शब्द निघाला नाही. मला कळतं का ते. सुनेने सासऱ्यांना चारचौघांत "तुम्ही आजारी आहात, बसू नका" म्हणायचं, आपल्याकडे ते जमतच नाही, आणि त्यांच्या तोंडावरचा उत्साह बघून तर नाहीच. पण दीर तरी वेगळं काय करत होते? त्यांनाही पोराच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

2011 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यात डॅरियन लेक नावाच्या पार्कमध्ये एक सैनिक आला होता, इराकमध्ये त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्या रोलर कोस्टरला दोन्ही पाय असणं आवश्यक आहे असा नियम होता, कारण बार मांड्यांवर आणि नडग्यांपाशी धरतो. त्याला बसू दिलं. देशासाठी पाय गमावलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असेल, आपण त्या ऑपरेटरच्या जागी उभं राहून बघावं. एका चढावर तो सीटमधून बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. त्याच्याबद्दल कोणाच्या मनात वाईट नव्हतं ताई. राइडवरचे नियम बेफिकीर टारगट पोरंच मोडतात असं आपण धरून चालतो, आणि बऱ्याच वेळा ते मोडले जातात प्रेमापोटी, आदरापोटी, समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून. तुमच्या घरात एकाच दिवशी ते दोनदा झालं, एकदा दिरांच्या हातून आणि एकदा तुमच्या गप्प बसण्यातून. हे दिरांना सांगून बघा. "मी पण बाबांना अडवू शकले नाही, मला पण नाही म्हणवलं नाही" या वाक्याने जे होईल ते नियमाच्या लेक्चरने होणार नाही.

सासऱ्यांशी बोलताना भीती घालू नका, माहिती द्या. जर्मनीत मॅनहाइमच्या डॉक्टरांनी 55 निरोगी माणसांना हार्ट मॉनिटर लावून ताशी 120 किलोमीटर वेगाच्या रोलर कोस्टरवर बसवलं होतं, 2005 मध्ये त्यांनी ते मांडलं. सरासरी ठोके 91 वरून 153 वर गेले, आणि तेही धडधाकट लोकांचे. म्हणजे नुसतं बसलेलं असताना, चालणं-पळणं काही नाही, हृदय एकदम धावायला लागतं. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला जिना चढताना आपण "हळू" म्हणतो आणि इथे त्याला दीड मिनिटात पळवतो. त्यांना काय चालेल काय नाही हे मी सांगू शकत नाही, त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारायचं, आणि विचारायला तुमच्याऐवजी मिस्टरांनी जावं. पुढच्या चेकअपला सासऱ्यांच्या समोरच "डॉक्टर, बाबांना पाळण्यात बसलेलं चालेल का" हा प्रश्न मुलाने टाकायचा. डॉक्टरने सांगितलेलं त्यांना कमीपणाचं वाटणार नाही. हेच गरोदर असलेल्यांना, मानेचा-मणक्याचा त्रास असलेल्यांना, फिट येणाऱ्यांना लागू आहे, आणि गरोदरपणाचं तर अजून एक असतं की सुरुवातीच्या महिन्यांत घरात कोणाला सांगितलेलं नसतं आणि "चल ना गं" म्हणून जावा-नणंदा ओढतात, तेव्हा "मला चक्कर येते" एवढं एक वाक्य पुरतं, कोणी जास्त विचारत नाही, आणि ओढणाऱ्यांनीही नाही म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा विचारू नये.

रांगेतल्या त्या ऑपरेटरबद्दल पण बोलायचंय, कारण पत्रात त्याच्यावरही राग दिसतोय, दुसऱ्या वेळी त्याने नीट का बघितलं नाही म्हणून. बरोबर आहे, बघायला हवं होतं, ते त्याचं काम आहे आणि त्याला नीट ट्रेनिंग देणं, गर्दीच्या दिवशी एकाच्या जागी दोन माणसं ठेवणं हे पार्कचं काम आहे. पण बहुतेक ठिकाणी तो वीस-बावीस वर्षांचा, उन्हात उभा असलेला मुलगा असतो आणि त्याला अख्खा दिवस लोक सुनावत असतात, "पैसे भरलेत आम्ही", "इतक्या लांबून आलोय", "तुझ्या मॅनेजरला बोलव", "मगाशी त्या मुलाला सोडलं ना". शंभर वेळा नाही म्हटल्यावर एकशे एकाव्या वेळी तो थकतो. आपल्या मुलाच्या आणि त्या फटीच्या मध्ये शेवटचा उभा असलेला माणूस तोच असतो आणि आपणच त्याला दमवतो. म्हणून इतर वाचकांनाही सांगते, तुमच्या पुढच्या कुटुंबाला त्याने थांबवलं आणि ते त्याच्यावर आवाज चढवायला लागले तर मागून "बरोबर सांगतोय तो" एवढं बोला. त्याला बळ येतं. आणि उलट, तोच "जाऊ द्या, काही होत नाही" म्हणाला तर त्याच्या शब्दावर बसू नका.

दिरांनी असं का केलं याचा विचार तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय, "त्यांना अक्कलच नाही." मला नाही तसं वाटत. वर्षातून एकदा होणारी ट्रिप, माणशी एवढं तिकीट, पोरगं महिनाभर त्याच राइडचे व्हिडिओ बघत होतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि तिथे पोचल्यावर बहीण आत आणि हा बाहेर. कुठल्याही बापाचा जीव तुटेल. चूक तिथे झाली की हे सगळ्यांना रांगेत पोचल्यावर कळलं. मोठ्या पार्कांच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची लिहिलेली असते. निघायच्या आठवडाभर आधी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, सगळ्या मुलांची उंची मोजायची, कोण कशात बसू शकतं ते मुलांनाच लिहून काढायला सांगायचं, नाराज व्हायचं ते घरी होऊन जातं, आणि ज्याला मोठी राइड मिळणार नाही त्याच्यासाठी दुसरं काहीतरी आधीच ठरवायचं, ते चालू असताना मोठ्यांपैकी एकाने त्याच्याबरोबर थांबायचं. खूप पार्कांत लहान मुलांचं तिकीट उंचीवर असतं, त्यामुळे अजून एक प्रकार सर्रास दिसतो, तिकिटाच्या खिडकीवर मुलाला गुडघे वाकवायला सांगतात आणि राइडपाशी टाचा वर करायला. मूल हे दोन्ही बघतं ताई. पाच वर्षांनी तेच मूल लायसन्स नसताना गाडी मागतं तेव्हा आपण त्याला कुठल्या तोंडाने नियम सांगणार?

इतरांसाठी थोडं वॉटर पार्कचं, मग यात्रेकडे वळते. स्लाइडवर पुढचा माणूस खाली पाण्यातून बाजूला झाल्याशिवाय निघायचं नाही, नाहीतर एकावर एक आदळून मार बसतो. साखळी करून चौघंचौघं जायचं नाही. आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका, अगदी बागेतल्या साध्या घसरगुंडीवरूनसुद्धा नाही, कारण मुलाचा पाय कडेला अडकतो आणि मागून मोठ्या माणसाचं वजन येतं, नडगीचं हाड मोडतं, एकटं घसरलं असतं तर फार तर पाय अडकून थांबलं असतं. ओढणी, मोकळे केस, लांब मंगळसूत्र हे सगळं फिरणाऱ्या कशाच्याही जवळ नको. 2018 मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत गो-कार्टच्या चाकात केस अडकून एक तरुण आई गेली, तिचं कुटुंब तिथेच होतं. केस घट्ट बांधून आत खोचायचे आणि वर हेल्मेट, आणि ओढणी सरळ काढून ठेवायची.

आता यात्रा. खरं सांगायचं तर मला पार्कपेक्षा याचीच जास्त काळजी वाटतेय. दीर म्हणतात तिथे कोण अडवतंय, ते खरं आहे, तिथे पट्टीच नसते. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, टोराटोरा, सगळं दोन-तीन दिवसांत ट्रकमधून उतरवून जोडतात, चार-पाच दिवस चालवतात, रात्रीत उकलून पुढच्या गावाला नेतात. प्रत्येक वेळी प्रत्येक पिन, प्रत्येक नटबोल्ट नव्याने बसवलेला असतो, आणि बसवणारी माणसं थकलेली असतात. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात मोहालीच्या मेळ्यात उंच पाळणा वरून थेट जमिनीवर आपटला, त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. यात्रा बंद करा, पाळणे आणू नका असं मी म्हणणार नाही, गावातल्या कितीतरी मुलांना वर्षातून तेवढीच मजा असते. पण दिवसा, गर्दी व्हायच्या आधी, दिरांना बरोबर घेऊन एक चक्कर मारा. पाळण्याच्या पायांखाली काय आहे बघा, जाड लाकडी ठोकळे सपाट टेकलेत का विटा-दगड कोंबलेत, जमीन पावसाने भुसभुशीत आहे का. पिनांच्या टोकाला क्लिप आहे का, का तार गुंडाळलीय, का चिंधी बांधलीय. पेटीचं दार नीट कडीने बंद होतं का, साखळी आहे तिला हूक आहे का. जनरेटरच्या वायरी कुठे उघड्या पडल्यात, मुलं त्यावरून पळतायत का. चालवणारा कुठे बघतो, राइडकडे का मोबाईलकडे, आणि तो प्यायलेला आहे का, हे तर संध्याकाळी कळतंच. पाळण्यात माणसं समोरासमोर सारखी भरतो का एकाच बाजूला चढवत सुटतो. यातलं एक जरी खटकलं तरी त्या राइडवर कोणीच बसायचं नाही, मोठ्यांनीही नाही. दोघांत एक बार असेल तर मूल एकटं किंवा त्याच्याच चणीच्या मुलाबरोबर, आणि बार मांडीला लागत नसेल तर उतरायचं. वारा सुटला, पाऊस आला की आकाशपाळणा बंद.

आणि इथेच मला तुमचे सासरे आठवले. ते यात्रा कमिटीत आहेत, मग हे काम त्यांचं आहे, आणि ते त्यांना शोभतंही. पाळणे लावायला पोलिसांची परवानगी लागते, यंत्रांच्या तपासणीचा दाखला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेकडून घेतला जातो, विजेच्या जोडणीची तपासणी वेगळी. कागद आहेत का, या वर्षीचे आहेत का, याच जागेचे आहेत का, हे पाळणेवाल्याला कमिटीने विचारायचं, सुनेने किंवा दिराने नाही. आणि प्रत्येक मोठ्या राइडजवळ चुन्याने नाहीतर रंगाने उंचीची एक खूण काढायची, ती कुठे असावी हे पाळणेवाल्याने लेखी सांगायचं, खाली कमिटीचा एक कार्यकर्ता उभा करायचा. सासऱ्यांनी हे मनावर घेतलं तर दिरांच्या "कोण अडवतंय" याला उत्तर घरातूनच मिळेल, तुमच्याकडून न येता वडिलांकडून येईल, आणि ते फक्त त्यांच्या मुलासाठी नसेल, गावातल्या सगळ्या मुलांसाठी असेल, त्यामुळे त्यात कोणाचा अपमान उरत नाही. स्वतः बसायच्या ऐवजी बाकीच्यांना नीट बसवण्याचं काम त्यांना मिळालं तर त्यांचंही मन लागेल असं मला वाटतं.

जाऊबाईंकडे मात्र तुम्ही स्वतः जा, मिस्टरांना किंवा सासूबाईंना मध्ये घालू नका. "स्वतःची बसवली" हा त्यांचा घाव खरा आहे, तो नाकारू नका. मुलीला त्या फेरीत तुम्ही खाली उतरवून पुतण्याबरोबर थांबायला सांगू शकला असतात का, असं तुम्ही मला विचारलंत. सांगता आलं असतं, पण तिने काय केलं होतं? दोघांनाही शिक्षा झाली असती. त्यापेक्षा आता जाऊबाईंना म्हणा की मला त्याचं रडणं अजून दिसतं, आणि तरी मी परत तेच करीन, तुझ्या पोराच्या जागी माझी असती तरी हेच केलं असतं. ऐकायला त्यांना लगेच आवडणार नाही. बोलून झालं की उत्तराची वाट बघत बसू नका, कामाला लागा, वेळ जाऊ द्या.

यात्रेत तोंड उघडायचं की नाही हा तुमचा शेवटचा प्रश्न. वेळ आलीच तर उघडायचं, नक्की उघडायचं. पण ती वेळ येऊ नये म्हणून आत्ता बोला. पाळण्यांच्या जागेचा लिलाव आणि पाळणेवाल्याशी बोलणी यात्रेच्या बरीच आधी होतात, एकदा पैसे घेतले की मग कागद मागणं कमिटीलाही अवघड जातं. त्यामुळे सासऱ्यांकडे हा विषय या आठवड्यातच काढा, जेवणं झाल्यावर, दीर घरात असताना.